टीबीचे रुग्ण ‘वाढले’ की ‘सापडले’?

‘जिल्ह्यात टीबीचे रुग्ण वाढले’ अशी बातमी फीडमध्ये आली की कमेंट्समध्ये आरोग्य खात्याच्या नावाने बोटं मोडणं सुरू होतं. पण ही बातमी दरवेळी वाईटच असते असं नाही. अनेकदा रुग्ण वाढलेले नसतात, सापडलेले असतात.

मुळात एखादा आजार लोकांमध्ये किती आहे, हे मोजतात कसं?

सोपा मार्ग म्हणजे सरकारी नोंदी. टीबीचा रुग्ण सरकारी दवाखान्यात सापडो वा खासगी, त्याची नोंद करणं २०१२ पासून बंधनकारक आहे. २०२४ मध्ये देशात अशा सुमारे २६ लाख नोंदी झाल्या. पण जो डॉक्टरकडे गेलाच नाही, तो या आकड्यात नाही.

म्हणून दुसरा मार्ग : रुग्ण येण्याची वाट न बघता आपणच लोकांपर्यंत जायचं. १९५५-५८ नंतर थेट २०१९-२१ मध्ये असं देशव्यापी सर्वेक्षण झालं. ठिकाणं सोडत पद्धतीने निवडली गेली. १५ वर्षांवरच्या लोकांना लक्षणं विचारली, छातीचा एक्स-रे काढला आणि संशय आला तर थुंकी तपासली.

उत्तर आलं : फुफ्फुसाचा टीबी लाखामागे ३१६ जणांना. म्हणजे हजारात साधारण तीन. आता कल्पना करा, ५०० प्रौढांच्या गावात गेलात तर एखाद-दुसरा रुग्ण मिळेल. कदाचित एकही नाही. एका गावावरून काहीच कळत नाही, म्हणून तीन लाखांहून जास्त लोक तपासावे लागले. त्यात मध्येच कोविड आला. असं सर्वेक्षण दरवर्षी का होत नाही, हे यातून कळतं.

पण खरी धक्कादायक माहिती पुढे आहे. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. आणि जवळपास ४३ टक्के रुग्ण फक्त एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते सुटलेच असते. नोंद झालेल्या एका रुग्णामागे समाजात प्रत्यक्षात २.८४ रुग्ण होते.

आता दुसरा गोंधळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात टीबी २०१५ मध्ये लाखामागे २३७ होता, तो २०२४ मध्ये १८७ वर आला. मग हा आकडा ३१६ च्या शेजारी ठेवून ‘टीबी निम्म्यावर’ असं ग्राफिक करायचं का? अजिबात नाही. ही दोन वेगळी मापं आहेत.

लोकलचा डबा आठवा. दादरला डब्यात आत्ता किती माणसं आहेत, हे झालं प्रिव्हॅलन्स. ३१६ हा तो आकडा. तासाभरात किती नवे चढले, हे इन्सिडन्स. १८७ म्हणजे वर्षभरातले नवे रुग्ण. उतरतात ते बरे झालेले किंवा मरण पावलेले. चढणारे तेवढेच राहिले आणि उतरणं लांबलं, तर डबा भरतच जातो. डायबेटिसमध्ये रुग्ण औषधांवर वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे प्रिव्हॅलन्स वाढणं तिथे काही अंशी चांगलंही असतं. टीबीत मात्र निदान लांबलेला माणूस डब्यात राहून इतरांनाही आजार देतो.

७ डिसेंबर २०२४ पासून ३४७ जिल्ह्यांत १०० दिवसांची मोहीम झाली. हातात मावणारी एक्स-रे यंत्रं घेऊन लक्षणं नसलेल्यांचीही तपासणी झाली. अशा वेळी नोंदी वाढायलाच हव्यात.

मला खरं तर उलट बातमीची जास्त भीती वाटते. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. टीबी एका वर्षात पाव भागाने ओसरला नव्हता. लॉकडाऊन होता, दवाखाने कोविडमध्ये अडकले होते आणि खोकणारे लोक घरातच होते.