कंबोडियाचा गैरसोयीचा दाखला

परक्या देशात फौज धाडून तेथील प्रजेला हक्क आणि लोकशाही मिळवून देणे न्याय्य आहे काय, हा वाद निघाला की २००३ चा इराक किंवा २०११ चा लिबिया पुढे केला जातो. १९७९ च्या कंबोडियाचे नाव सहसा निघत नाही. तो दाखला कोणत्याच पक्षाला सोयीचा नाही.

पोल पॉटच्या राजवटीने शहरे ओस पाडली, चलन रद्द केले, राष्ट्रीय बँकेची इमारतसुद्धा सुरुंगाने उडवली. पावणेचार वर्षांत उपासमार, रोगराई आणि हत्या यांत सुमारे १७ लाख माणसे मेली. हा संहार थांबला तो ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजा राजधानीत शिरल्या तेव्हा. व्हिएतनामची भिस्त मानवी हक्कांवर नव्हती. सरहद्दीवरील हल्ल्यांचा प्रतिकार आणि कंबोडियन जनतेचाच उठाव, अशी त्याची कैफियत होती.

त्याच सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ७१ विरुद्ध ३५ मतांनी कंबोडियाची जागा पदच्युत पोल पॉट राजवटीकडेच ठेवली. बाजूने मत देणाऱ्यांत चीन होता, तशीच मानवी हक्कांचा उद्घोष करणाऱ्या कार्टर यांची अमेरिकाही होती. शेजारच्या बलाढ्य फौजेने सरकार बदलावे आणि जगाने ते निमूट मान्य करावे, हा पायंडा लहान राष्ट्रांना घातक वाटला. ती भीती निराधार म्हणता येणार नाही. परंतु तिची किंमत कोणी मोजली? नव्या सरकारला मान्यता नाही, म्हणून संयुक्त राष्ट्रांची विकासमदत जवळजवळ दशकभर अडवून धरली गेली. ज्यांनी मरण चुकवले, त्यांनाच ही शिक्षा! भारताने १९८० मध्ये या सरकारला मान्यता दिली, हा निर्णय त्या मानाने अधिक माणुसकीचा होता.

व्हिएतनामी फौजा १९८९ पर्यंत तळ ठोकून राहिल्या आणि राज्य एकाच पक्षाचे चालले, हेही विसरता येत नाही. कत्तल थांबवणे आणि लोकशाही स्थापणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले परक्या सैनिकाच्या हातून होऊ शकते. त्यासाठी त्याचा हेतू शुद्ध असण्याचीही गरज नसते. दुसऱ्यासाठी १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सुमारे २० हजार माणसे पाठवून निवडणूक घेतली. जवळजवळ नव्वद टक्के मतदारांनी मतदान केले. हुन सेन यांचा पक्ष मागे पडला. तरीही ते दुसरे पंतप्रधान म्हणून सत्तेत राहिले. १९९७ मध्ये त्यांनी बळाने पहिल्या पंतप्रधानांना हुसकावले, आणि २०२३ मध्ये पद सोडले ते आपल्या पुत्राच्या हाती देऊनच.