आधी कोण सापडतो?

मद्रास उच्च न्यायालयाची लाल इमारत चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये उभी आहे. गेल्या काही वर्षांत तिथे माणसांच्या तंट्यांबरोबर चितळांचे प्रश्नही आले. गिंडीचे राष्ट्रीय उद्यान जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचे. त्याला लागून राज्यपालांचे निवासस्थान आणि आयआयटीचे आवार, आणि चहूकडे शहर. गज नसले तरी चितळांच्या दृष्टीने हा बंदिवासच. त्यांच्याविषयी बोलणे निघाले की आकडे निघतात: किती आहेत, किती जास्त झाले, किती हलवायचे. कोणते हलवायचे, हा प्रश्न मागेच राहतो. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

जॉर्ज टाउनच्या पश्चिमेला, रुळांपलीकडे, पीपल्स पार्कात या शहराचे जुने प्राणिसंग्रहालय होते. शहरातल्या वस्तुसंग्रहालयाचे तेव्हाचे प्रमुख एडवर्ड बाल्फोर यांनी 1855 मध्ये ते त्याच्याच आवारात सुरू केले. नंतर ते पार्कात आले आणि 1985 मध्ये वंडलूरला प्रशस्त जागेत गेले. जागा बदलली, पण हरणांच्या कुंपणापाशी थांबून काहीतरी पुढे करायची माणसाची सवय कुठल्याच गावात सुटलेली नाही.

अशा कुंपणापाशी दहा मिनिटे नीट बघावे. केळ्याची साल पुढे होताच एक मादी कान टवकारून सरळ येते आणि ओले नाक जाळीला लावते. दुसरी चार पावले येऊन थबकते, शेपूट वर करते, पुढचा खूर जमिनीवर आपटते. तिसरी झाडाआडून हलतच नाही. दुसऱ्या दिवशी जा, बहुधा हाच क्रम दिसेल. आपण पहिलीला प्रेमळ म्हणतो. ती धीट आहे, एवढेच.

डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या फॅलो हरणांवरचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. माणसाकडे सतत खाणे मागायला येणारी हरणे कळपात सुमारे एक चतुर्थांश निघाली, आणि अशा माद्यांची पाडसे जन्मतः वजनाने भारी भरली. कुठल्या स्वभावाची पिढी वाढेल, यात खाऊ देणाऱ्या हाताचाही वाटा असू शकतो.

आता पकडण्याकडे येऊ. आपल्याकडे चितळ हलवायला बोमा वापरतात: नरसाळ्यासारखे मोठे आडोसे उभारायचे, आत चारा ठेवायचा, कळपाला सरावू द्यायचे आणि शेवटी गाडीत चढवायचे. हरीण भीतीनेच दगावू शकते, म्हणून हात न लावता पकडण्याची ही पद्धत चांगलीच आहे. पण चाऱ्याला आधी कोण येणार? तीच, जाळीला नाक लावणारी. ज्या जंगलात बिबट्या आहे तिथे सर्वांत आधी ती पोचणार, आणि बुजऱ्या तेवढ्या मागे उरणार. कागदावर मात्र फक्त संख्या चढते.

नरांचे आणखी वेगळे. मोकळ्या रानात हरलेला नर निघून जातो. कुंपणात जायला जागाच नसते. शिंगांवर मखमल आहे तोवर तो शांत, ती झडून शिंगे कडक झाली की तोच अंगावर येतो. त्यातही बाटलीच्या दुधावर वाढवलेला नर सर्वांत धोक्याचा, कारण त्याला माणसाची भीती उरलेली नसते आणि माजावर आला की माणूसच त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. त्याला जंगलात सोडणे हा उपाय नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. हलवण्याआधी निदान काही महिने कळप बघावा. कोण पुढे येते, कोण कुणाबरोबर चरते, कुठला नर कुणाला हुसकावतो, हे रोज चारा टाकणाऱ्या माणसाला आधीच ठाऊक असते. ते त्याला विचारून लिहून घ्यावे. सोबत राहणाऱ्या माद्या सोबतच न्याव्यात. आणि यादीत ‘चितळ, मादी’ यापुढे आणखी एक रकाना ठेवावा, स्वभावाचा.