आधी आडवं करा, गोळीचं नंतर बघू

बायपास करून घरी आलेले बाबा पहाटे पलंगावरून उठतात, बाथरूमच्या दाराशी त्यांच्या डोळ्यांसमोर अंधारी येते आणि ते कोसळतात. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर येतात. मुलं घाबरून बीपी मोजतात, तर वरचा आकडा १७०. शेजारचे काका म्हणतात, "बीपी चढल्यानंच चक्कर आली, अजून एक गोळी द्या." ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कुठल्याही इमारतीत घडेल असं हे आहे. म्हणून कळकळीची विनंती: ती जास्तीची गोळी देऊ नका.

माणूस क्षणभर शुद्ध हरपून पडतो तेव्हा बहुतेक वेळा मेंदूला जाणारं रक्त कमी पडलेलं असतं. म्हणजे त्या क्षणी बीपी उतरलेलं असतं. मग पडल्याची भीती आणि दुखणं यांनी ते उसळतं, आणि मशीनवर दिसतं ते हे नंतरचं. त्यावर आणखी गोळी दिली की दुसऱ्यांदा पडायची सोय झाली. जिभेखालच्या सॉर्बिट्रेटचंही तेच. ती गोळी छातीत दुखण्यावर असते आणि बीपी झपाट्यानं उतरवते. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली पिळायची जुनी रीत तर डॉक्टरांनी केव्हाच मोडीत काढली आहे.

मग करायचं काय? सपाट झोपवा, पाय उशीवर उंच ठेवा, पंखा लावा. धाप लागत असेल तर मात्र टेकवून बसवा. काखेत हात घालून ओढू नका. ऑपरेशनमध्ये कापलेलं छातीचं हाड जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालू नका. हुंगवायला कांदा आणि चप्पल शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा श्वास चालू आहे का ते बघा. नसेल, तर छातीवर टाके आहेत म्हणून थांबू नका. १०८ लावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा.

शुद्ध आली म्हणजे प्रकरण मिटलं, असं नाही. ऑपरेशननंतरच्या दिवसांत हृदयाची लय बिघडणं नेहमीचं आहे. बायपासनंतर साधारण तीन-चार जणांमागे एकाला तो त्रास होतो. झडपेच्या ऑपरेशननंतर हृदयातला विजेचा मार्गही अडू शकतो. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढाच. असिट्रोम किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर टेंगूळ नसलं तरी इस्पितळात न्या. आतला रक्तस्राव काही तासांनीही डोकं वर काढतो. मधुमेह असेल तर साखर उतरली नाही ना, ते मोजा. एकादशीला साबुदाण्याच्या दोन घासांवर सगळ्या गोळ्या घेणारे आपल्यात कमी नाहीत.

बीपी मोजायचं ते पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या उंचीवर ठेवून. चक्कर येऊन गेलेल्यांचं आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर ते कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. गोळ्यांचं प्रमाण तेच बदलतील, तुम्ही नाही. सारखं चढंच राहिलं तर चुकलेली गोळी, लोणचं-पापड-फरसाण आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी यांची आधी झडती घ्या. आकडा १८०/१२० च्या पुढे गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, वाकडं तोंड, अडखळती जीभ किंवा एका बाजूची कमजोरी असेल, तर मात्र एक मिनिटही दवडायचं नाही.

कामावर परतणाऱ्यांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत तासाभराहून जास्त गर्दीत ताठ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. त्यात बीपीची गोळी पोटात. पोटऱ्या आवळत-सोडत राहा आणि अंधारी येऊ लागली तर लाज सोडून खाली बसा. सहप्रवाशांनी अशा माणसाला खांद्याला धरून उभं ठेवू नये. शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारची चौथी सीट आणि खड्ड्यांचा रस्ता हे छातीच्या हाडाला सोसणारं नाही. एकदा शुद्ध हरपली असेल तर डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत स्वतः गाडी चालवू नका.

१०८ ला फोन करताना पहिल्याच वाक्यात पूर्व की पश्चिम ते सांगा. रुळांच्या चुकीच्या बाजूला आलेली रुग्णवाहिका पुलाला वळसा घालून येईपर्यंत मोलाचा वेळ जातो. मजला सांगा, लिफ्ट आहे की नाही तेही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज गेली तेव्हा लोकल थांबल्या, लिफ्टही बंद पडल्या. आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या इमारतींना लिफ्टच नाही. जिन्यावरून खुर्चीत बसवून उतरवायला चार माणसं लागतात. डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी दाराजवळ टांगून ठेवा, आणि ते चौघे कोण हे आजच सोसायटीत विचारून घ्या.