माणूस निवडताना गुणांचे माप

इस्लामपूरच्या बाजारपेठेत दुकानावर माणूस ठेवला जातो तो बहुधा ओळखीने. ओळखीत विश्वास असतो, हे खरे. परंतु ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नाही, अशा खेड्यातील होतकरू मुलाला वा मुलीला दुकानाची पायरी चढणेच अवघड होते. लहानशी लेखी परीक्षा त्यांना ती संधी देते. मात्र ती परीक्षा कशाची घ्यावी, याचा विचार आधी व्हावयास हवा.

याच वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक हे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या घराण्याचे गाव. त्यांच्या हाती पदवी नव्हती. तरीही त्यांनी ओगल्यांच्या काचसामानाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली, आणि १९१९ साली रयत शिक्षण संस्था उभारली. केवळ प्रमाणपत्र पाहणाऱ्या मालकाला असा माणूस ओळखता आला नसता.

परीक्षेचेही तसेच आहे. अमेरिकेतील ड्यूक पॉवर कंपनीने चांगल्या पगाराच्या कामांसाठी शालान्त दाखला आणि दोन चाचण्यांची अट घातली होती. त्यामुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या संख्येने मागे पडले. दाखला नसलेले जुने कर्मचारी मात्र तीच कामे समाधानकारकपणे करीत होते. १९७१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही अट अमान्य केली. चाचणीचा संबंध प्रत्यक्ष कामाशी असला पाहिजे, हा तिचा निष्कर्ष. तो कायदा आपल्याकडे लागू नाही, परंतु त्यातील न्याय कोणत्याही पेढीला पटावा असा आहे.

म्हणून प्रश्न दुकानातूनच घ्यावेत. हिशेबनिसाला दहा बिले देऊन त्यांतील चुका शोधावयास सांगाव्यात, जीएसटीची आकारणी आणि उधारीची खतावणी करून घ्यावी. विक्रीच्या कामासाठी निबंध नको. माल बदलून मागणाऱ्या ग्राहकाशी तो कसा बोलतो, ते पाहावे. सर्वांना तीच प्रश्नपत्रिका आणि तेवढाच वेळ द्यावा. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असावा आणि किमान गुण आधीच ठरवावेत. एक-दोन गुणांच्या फरकावरून कोणाला लायक वा नालायक ठरवू नये. अशा उमेदवारांना पगारी आठवडाभर काम देऊन पारखावे. सहा महिन्यांनी त्यांचे गुण आणि काम शेजारी ठेवून पाहावे. दोहोंचा मेळ बसत नसेल, तर प्रश्नपत्रिका बदलावी. प्रामाणिकपणा मात्र गुणांत मोजता येत नाही. त्यासाठी आधीच्या मालकाकडे चौकशी आणि काही दिवसांचा सहवास हवाच.

खरी कसोटी घरातच लागते. जागा भाच्यालाच द्यावयाची असेल, तर तसे सरळ सांगावे. देखाव्याची परीक्षा घेऊन परक्या मुलाचा दिवस आणि एसटीचे भाडे वाया घालवू नये. परीक्षा घ्यावयाचीच, तर भाच्यानेही त्याच रांगेत बसून तीच उत्तरपत्रिका लिहावी.