तांदळाच्या डब्यातला मोबाईल

आमच्या सडक अर्जुनीकडे रोवणी सुरू झाली की कुणाच्या ना कुणाच्या घरी एक मोबाईल तांदळाच्या डब्यात जाऊन बसतो. गेल्या पावसाळ्यात आमची पाळी आली. मोठे बाबा पऱ्हे उचलायला वाकले आणि वरच्या खिशातला मोबाईल सरळ बांधीतल्या चिखलात!

गंमत म्हणजे बाहेर काढला तेव्हा तो चालू होता. सगळे खूश. पुतण्याने फोटो उघडून खात्री केली. मोठ्या बाबांनी जावयांना फोन लावून "पाण्यात पडला होता जी, पण चालू आहे" हेही कळवलं. घरी येईपर्यंत स्क्रीन काळी. मग चार्जरला लावून पाहिला. मग बटण दाबून दाबून पाहिलं. आणि सगळं करून झाल्यावर, तांदळाचा डबा. तीन दिवस ठेवला. नाही तो नाहीच उठला.

माझं मत विचाराल तर तो फोन पाण्याने मेला नाही, आमच्या उतावळेपणाने मेला.

नुसत्या पाण्याने लगेच काही बिघडत नाही. पण बांधीतलं पाणी म्हणजे माती, क्षार आणि खत. अशा पाण्यातून वीज वाहते. फोन चालू असेल तर नको तिथे वीज जाते आणि आतल्या बारीक तारा-टाके गंजू लागतात. म्हणजे "चालू आहे का बघू" म्हणून आपण जे जे करतो, तेच त्याच्या जिवावर उठतं. पूर्वीच्या फोनची बॅटरी नखाने काढता यायची. आता ती आत बंद असते, म्हणून ताबडतोब बंद करणं हाच एक उपाय उरतो.

आता तांदळाबद्दल. हा उपाय जगभर चालतो, पण निदान आपण तरी त्याला फसायला नको होतं. आपण धानाच्या मुलखातली माणसं! खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा मोजतात, १७ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. म्हणून तर आपण अंगणात धान पसरून वाळवतो. भरडलेल्या तांदळातही बारा-चौदा टक्के ओलावा असतोच, आणि श्रावणात तर तो आणखी सर्द होतो. जो स्वतः ओला, तो दुसऱ्याला काय वाळवणार? शिवाय त्याचा भुसा आणि कण चार्जिंगच्या भोकात जातात. ॲपल कंपनीनेही २०२४ च्या सुरुवातीला, फोन तांदळात ठेवू नका, असं स्पष्ट लिहिलं.

तांदळाचा गुण एकच. फोन डब्यात असेपर्यंत आपण त्याला हात लावत नाही. पण तेवढा धीर डब्याशिवायही धरता येतो की.

तर फोन भिजला की आधी बंद करा. कव्हर आणि सिम काढा, कोरड्या फडक्याने पुसा. चार्जिंगचं भोक खाली करून तळहातावर हलके ठोका. मग मोकळ्या हवेत, पंख्यासमोर ठेवा. चूल, कडक ऊन, केस वाळवायचं यंत्र, काही नको. आणि चार्जर तर मुळीच नको. चिखलाचं पाणी आत गेलं असेल तर तो नुसता वाळवून भागत नाही, कारण पाणी उडतं पण क्षार आतच राहतात. तसाच बंद फोन दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो उघडून स्पिरिटसारख्या द्रवाने आतली पाटी धुतो. जितक्या लवकर न्याल तितकी आशा जास्त.

आमचं सिम वाचलं, त्यामुळे बँकेचे ओटीपी नव्या फोनवर येऊ लागले. ई-पीक पाहणीही झाली. मोठ्या आईचे शेवटच्या दिवाळीतले फोटो मात्र त्याच फोनमध्ये होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. मोठे बाबा त्याबद्दल काही बोलत नाहीत. तो बंद फोन अजून कपाटात साड्यांखाली ठेवला आहे.

यंदा रोवणीच्या आधी मी दोन कामं केली. घरातल्या सगळ्यांचे फोटो दुसरीकडे उतरवून ठेवले, आणि मोठ्या बाबांच्या खिशात एक जाड पन्नी दिली. आधी हसले, "पाच रुपयाची पन्नी, दहा हजाराचा फोन" म्हणाले.

पण रोज नेतात.