युद्धभूमीवरचा मराठी साक्षीदार

परराष्ट्रवार्ताहराची, आणि त्यातही रणक्षेत्रात वावरून लिहिणाऱ्या वार्ताहराची कारकीर्द हा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासाचा विषय आहे, असे सहसा मानले जात नाही. तो विषय वृत्तपत्रविद्येचा, फार तर राज्यशास्त्राचा, अशी आपल्या विद्यापीठीय व्यवहारातली वाटणी आहे. या वाटणीमुळे एक मूलभूत प्रश्न कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. पानिपतापासून मेसोपोटेमियापर्यंत मराठी माणूस युद्धात सतत उपस्थित राहिला. तथापि युद्ध चालू असताना ते पाहून मराठीत लिहिणारा साक्षीदार जवळजवळ का निर्माण झाला नाही? मराठीत युद्ध पोहोचते ते उशिरा, आणि बहुधा अनुवादाच्या वाटेने. या विलंबाचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकांनी करावयास हवा, कारण विलंबाच्या कारणांपैकी एक कारण त्यांच्याच साहित्यविचारात आहे.

या संदर्भात मार्च १८५८ या एकाच महिन्यातील दोन साक्षीदारांची तुलना उद्बोधक ठरेल. क्रिमियाच्या युद्धावरील वार्तापत्रांमुळे कीर्ती पावलेला लंडनच्या 'टाइम्स'चा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल त्या वेळी इंग्रज फौजेबरोबर लखनौत होता. त्याच महिन्यात सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला, आणि त्या वेढ्याच्या आत कोकणातील वरसईचा एक भिक्षुक अडकला होता. त्याचे नाव विष्णुभट गोडसे. तो निघाला होता दक्षिणेच्या आशेने, घरचे दारिद्र्य फिटावे म्हणून. युद्ध पाहणे हा त्याचा व्यवसाय नव्हता आणि हेतूही नव्हता. रसेलच्या मागे एक वृत्तपत्र, त्याची थैली, टपालव्यवस्था आणि वाट पाहणारा वाचकवर्ग उभा होता. त्याची वार्तापत्रे काही आठवड्यांत लंडनमध्ये छापली जात. गोडसे भटजींनी आपली हकीकत लिहिली ती सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या प्रेरणेने. ती छापली गेली १९०७ साली, आणि तीही सरकारी रोषाच्या धास्तीने वैद्यांचा हात फिरल्यावर. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेला पाठ दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने वाचकांपुढे आला तो १९६६ साली. झाशी पडली त्या घटनेपासून ती पाहणाऱ्या मराठी माणसाचे अस्सल शब्द मराठी वाचकाच्या हाती येईपर्यंत एकशे आठ वर्षे गेली.

'माझा प्रवास' या ग्रंथाचे मोल येथे नव्याने सांगण्याचे कारण नाही. मात्र त्याची गणना आपण प्रवासवर्णनात किंवा आत्मपर लेखनात करतो, हे लक्षात घ्यावयास हवे. वास्तविक झाशीच्या पाडावाचा भाग हा युद्धवार्तेचा अव्वल नमुना आहे. शहरात फौज शिरल्यावर लूट कोणत्या क्रमाने झाली, माणसे कोठे लपली, पाण्यावाचून काय हाल झाले, राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची कशी धूळधाण झाली, हे सर्व या लेखकाने सामान्य रहिवाशाच्या पातळीवरून टिपले आहे. रसेल जेत्यांच्या छावणीतून पाहत होता. इंग्रजांच्या क्रौर्यावर त्याने टीका केली हे खरे. परंतु त्याची पाहण्याची जागा छावणीचीच होती. गोडसे भटजी जितांच्या घरात होते. दोघांपैकी एकाच्या लेखनाने जगात एका व्यवसायाचा पाया घातला. दुसऱ्याचे लेखन एकाकी राहिले. त्याला मराठीत पूर्वज होते, ते बखरकार. परंतु वंशज झाला नाही.

हा वंश का वाढला नाही, याचे पहिले उत्तर अर्थातच थैलीचे आहे. मराठी वृत्तपत्रे निघाली ती अल्प भांडवलावर. परदेशी वार्ताहर ठेवणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. रॉयटर आणि स्वातंत्र्यानंतर प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया यांच्या इंग्रजी तारांवर रात्रपाळीच्या उपसंपादकाने अनुवादाचा हात फिरवावा आणि सकाळी वाचकाने जग वाचावे, अशी रीत पडली. ती पुढे सोयीची म्हणून कायम झाली. तिचा परिणाम केवळ माहितीवर झाला नाही, तो भाषेवर झाला. बखरीच्या मराठीत माणूस 'गर्दीस मिळतो'. तारेच्या मराठीत 'जीवितहानी' होते. बखरीत गाव लुटला जातो, बेचिराख होतो. अनुवादित मराठीत 'आनुषंगिक हानी' घडते, आणि ती कोणी केली हे वाक्यरचनेतूनच निसटते. कर्ता लपविणारी कर्मणी रचना ही लष्करी पत्रकांची गरज असते. तार भाषांतरित करताना ती रचनाही मराठीत आली आणि कोणाच्या ध्यानात न येता रुळली. पाहणाऱ्याने आपल्या भाषेत पाहिलेच नाही, तर त्या भाषेत पाहण्याचे शब्द कोठून यावेत?

थैलीचे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. पहिल्या महायुद्धात पुणे डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कूतच्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या फौजेत कोकण आणि देशावरची माणसे होती. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४मधील आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५मधील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे तर तो पराक्रम करतानाच कामी आले. या शिपायांच्या शेजारी उभा राहून मराठीत लिहिणाऱ्या एकाही वार्ताहराचे नाव आपल्या वाङ्मयेतिहासाने जपलेले नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांसारख्या समर्थ संपादकाने पहिल्या महायुद्धावर व्यासंगपूर्ण लेखन केले, परंतु ते नकाशा समोर ठेवून केलेले लेखन होते. दुसरे महायुद्ध ज्या मराठी कृतीत सर्वाधिक खोलवर उमटले ती विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी. ती १९३९ सालची, म्हणजे युद्ध जेमतेम उंबरठ्यावर असतानाची. आणि तिचे रणांगण म्हणजे युरोपातून निघालेल्या बोटीवरील निर्वासितांचे आणि प्रवाशांचे मन. मराठी प्रतिभेने युद्धाची चाहूल घेतली. युद्ध प्रत्यक्ष आले तेव्हा मात्र तिचा प्रतिनिधी तेथे नव्हता.

मराठवाड्याला तर यासाठी इटलीपर्यंत जावयास नको. १९४७–४८ साली हैदराबाद संस्थान हेच रणक्षेत्र झाले होते. रझाकारांविरुद्ध आणि भारतातील विलीनीकरणाच्या बाजूने लिहिल्याबद्दल 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. त्यानंतर महिन्याभरातच, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. घराच्या अंगणातल्या या युद्धाचे मराठी लेखन प्राधान्याने कोणत्या स्वरूपात आले? आठवणी, चरित्रे आणि इतिहास या स्वरूपात, आणि तेही दीर्घ काळानंतर. 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव स्वतः त्या लढ्यातले कार्यकर्ते. त्यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ या भागाच्या अभ्यासकाला अनिवार्य आहे. पण तो मागे वळून पाहणाऱ्या लेखकाचा ग्रंथ आहे. झाशीच्या बाबतीत झाले तेच येथे घडले. पाहणारा आधी सोसतो, मग मौन राखतो आणि वृद्धपणी लिहितो. स्मृतीला स्वतःची थोरवी असते, परंतु स्मृती निवड करते. ज्यांना लिहिता येत नव्हते, किंवा ज्यांचे दुःख पुढे अडचणीचे ठरले, त्यांची साक्ष अशा विलंबात सर्वांत आधी हरवते. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर खेड्यापाड्यांतील सामान्य माणसांवर, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, जे गुदरले त्याची त्या त्या दिवशीची मराठी नोंद किती तुटपुंजी आहे, हे या विभागात संशोधन करणाऱ्याला लवकरच कळून येते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की मराठीत परराष्ट्रविषयक लेखन दर्जेदार झाले आहे. तो आक्षेप रास्त आहे. गोविंद तळवलकरांचे सोव्हिएत साम्राज्याच्या उदयास्तावरील लेखन, वि. ग. कानिटकरांचा 'नाझी भस्मासुराचा उदयास्त', वि. स. वाळिंबे यांचा 'वॉर्सा ते हिरोशिमा', अरुण साधूंचे चीन आणि क्यूबा येथील क्रांत्यांवरील ग्रंथ यांनी दोन पिढ्यांच्या मराठी वाचकाला जगाचे भान दिले. जिल्ह्याच्या गावी बसून जग समजून घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांवर या लेखकांचे ऋण मोठे आहे. तथापि ही परंपरा वाचणाऱ्याची आहे, पाहणाऱ्याची नव्हे. युद्ध का झाले हे ग्रंथालयातून सांगता येते; युद्धाने कोणाचे काय केले हे तेथे गेल्यावाचून सांगता येत नाही. या दोहोंत उच्चनीचभाव नाही, पण एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

पाहणाऱ्याची जागा मराठीत अधूनमधून भरली गेली, ती व्यक्तींच्या हिकमतीवर. काबूलमध्ये वास्तव्य केलेल्या प्रतिभा रानडे यांनी अफगाणिस्तानवर लिहिले. निळू दामले यांनी अशांत प्रदेशांत हिंडून तेथील माणसे मराठीत आणली. गृहिणीपणाच्या किंवा स्वतंत्र भटकंतीच्या वाटेने हे लेखन आले. वृत्तपत्राच्या नियमित नेमणुकीतून नव्हे. म्हणजे क्षमता होती, कुतूहल होते, वाचकही होता. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे लोक ८ कोटी ३० लाख आहेत. पोलिश भाषकांची संख्या याहून पुष्कळ कमी. त्या भाषेतील एका गरीब वृत्तसंस्थेचा वार्ताहर रिशार्द कापुश्चिन्स्की आफ्रिकेतील आणि इराणमधील उलथापालथींची वार्ता पाठवीत राहिला आणि त्याच सामग्रीतून जगभर वाचले जाणारे ग्रंथ लिहून गेला. तेव्हा भाषेचे लहानपण ही सबब मराठीला शोभणारी नाही. त्याच्यामागे सरकारी वृत्तसंस्था होती, हा फरक मान्य करूनही ही गोष्ट खरी राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वार्ता ही क्षणजीवी, साहित्य टिकाऊ. मग वाङ्मयाच्या अभ्यासकाने वार्ताहराकडे का वळावे? या प्रश्नाला एक उत्तर २०१५ सालीच मिळाले. अफगाण युद्धातून परतलेल्या सोव्हिएत सैनिकांचे आणि मृतांच्या मातांचे बोल नोंदविणाऱ्या स्वेतलाना अलेक्सिएविच या पत्रकार लेखिकेला त्या वर्षी साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. मराठीनेही अनिल अवचटांच्या 'पूर्णिया'पासून (१९६९) रिपोर्ताजला साहित्यात स्थान दिले आहे. परंतु आपला रिपोर्ताज सीमेपाशी थांबला, आणि आपली समीक्षाही त्याच्याबरोबर थांबली.

प्रत्यक्षदर्शी म्हणून सारे सत्यच असते, असा भाबडा दावा येथे अभिप्रेत नाही. कापुश्चिन्स्कीच्या मृत्यूनंतर त्याच्या वृत्तांतांत कल्पिताची भर किती, यावर पोलंडमध्ये मोठा वाद झाला. २००३ साली इराकमध्ये अमेरिकी पलटणींबरोबर गेलेल्या वार्ताहरांनी बव्हंशी पलटणीच्या डोळ्यांनी पाहिले. गोडसे भटजींच्या कथनातही ऐकीव आणि देखत यांची सरमिसळ आहे. परंतु निवेदक कोठे उभा आहे, तो काय पाहू शकत होता, ऐकलेले पाहिल्यासारखे कोठे सांगतो, संपादकाने काय गाळले, हे प्रश्न विचारण्याची साधने वाङ्मयाच्या विभागांइतकी दुसऱ्या कोणाकडे आहेत? कादंबरीतील काल्पनिक निवेदकावर शेकडो प्रबंध लिहिले जातात. जिवावर उदार होऊन पाहणाऱ्या खऱ्या निवेदकाला मात्र ही साधने लावली जात नाहीत.

आणि जिवावर उदार हा शब्दप्रयोग येथे अलंकारिक नाही. भारतीय छायाचित्रकार दानिश सिद्दिकी जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानातील स्पिन बोल्दक येथे मारला गेला. २०२३पासून गाझात शेकड्यांच्या घरात पत्रकार मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक तेथलेच रहिवासी होते, झाशीतल्या त्या भिक्षुकासारखे युद्धाच्या आत अडकलेले. त्यांनी पाठविलेले शब्द इंग्रजीतून फिरून मराठीत येतात, तेव्हा त्यांतला किती अंश शिल्लक राहतो, हा भाषाभ्यासाचा प्रश्न आहे आणि नीतीचाही.

उपाय फार दूरचे नाहीत. 'माझा प्रवास'मधील झाशीचे प्रकरण युद्धवार्ता म्हणून, रसेलच्या वार्तापत्रांशेजारी ठेवून शिकविता येईल. बखर ते तार ते दूरचित्रवाणी असा मराठी युद्धभाषेचा शोध हा पदव्युत्तर प्रबंधिकांचा सकस विषय आहे. मराठवाड्यातील गावोगावी १९४८चे साक्षीदार आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांचे बोल नोंदविण्यास महाविद्यालयीन अध्यापकाला कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि विद्यापीठाच्या एकाच आवारात मराठी विभाग आणि वृत्तपत्रविद्या विभाग एकमेकांना अनोळखी राहतात, ही स्थिती तर केवळ संकल्पाने बदलता येण्याजोगी आहे. वृत्तपत्रांच्या थैलीवर अध्यापकांचा अधिकार चालत नाही. परंतु कोणत्या लेखनाला वाङ्मय म्हणावयाचे, हे ठरविणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा आहे. युद्धभूमीवरून लिहिलेल्या मराठीला ती प्रतिष्ठा मिळाली, तर पुढचा साक्षीदार आपले लिखाण म्हातारपणासाठी राखून ठेवणार नाही.