पीएसए वाढला : घाबरू नका, लपवूही नका

मागे २ असलेला पीएसए यंदा ९ आला, की घरात कॅन्सरचीच कुजबुज सुरू होते. आमचे म्हणणे असे, की एका आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही. पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतून पीएसए रक्तात येतो. लघवीतला जंतुसंसर्ग, ग्रंथीची सूज, नुकतीच घातलेली लघवीची नळी यांनीही तो एकदम चढतो.

म्हणून आधी लघवी तपासा, संसर्ग असेल तर पूर्ण उपचार घ्या. सहा आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पीएसए पुन्हा करा. त्याआधी दोन दिवस शरीरसंबंध व सायकल टाळा. तरीही आकडा चढाच राहिला तर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. ते बोटाने तपासतील, गरजेनुसार एमआरआय सांगतील. निदान पक्के होते ते तुकडा तपासूनच. लघवी अडली, रक्त दिसले किंवा थंडी-ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सगळे जुने रिपोर्ट घेऊन हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात जा. कॅन्सर निघालाच तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तिथेच करा.

एहिपस्सिको, या आणि पाहा, असे धम्म सांगतो. लाजेपायी रिपोर्ट उशाखाली दडवणे आणि भीतीपायी दागिने मोडणे, दोन्ही त्यात बसत नाही.

जय भीम!